स्टार्टअपमध्ये पैसे टाकताय? आधी हे बघा

बाणेर-बालेवाडीतल्या एखाद्या नवीन फिनटेक (ॲपवरून कर्ज, पेमेंट अशा पैशांच्या सेवा देणाऱ्या) कंपनीचे शेअर्स घ्या म्हणून व्हॉट्सॲपवर लिंक आली तर लगेच यूपीआय करू नका हो, आपल्याकडे असं ऑनलाइन सगळ्यांकडून पैसे गोळा करून शेअर्स वाटायला परवानगीच नाहीये, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०१६ मध्येच अशा प्लॅटफॉर्म्सबद्दल सावध केलंय.

प्रायव्हेट कंपनीला स्वतःचे नवीन शेअर्स बाहेरच्या लोकांना विकायचे तर कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ लागतं. म्हणजे तुमच्या नावाने ऑफर लेटर (फॉर्म पीएएस-४) यायला हवं, जाहिरात चालत नाही, आणि पैसे बँकेतूनच, तेही कंपनीच्या वेगळ्या खात्यात, फाउंडरच्या पर्सनल जीपेवर अजिबात नाही! पैसे दिल्यापासून ६० दिवसांत शेअर्स मिळाले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत कंपनीने ते परत द्यायचे, तेही नाही दिले तर कंपनीला वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. तारीख लिहून ठेवा, प्लीज.

फिनटेकवाले कर्ज देत असतील तर लायसन्स कोणाचं ते स्पष्ट विचारा, स्वतःचं की दुसऱ्या एनबीएफसीचं (बँक नसलेली, पण कर्ज देणारी वित्त कंपनी), आणि ते नाव आरबीआयच्या यादीत स्वतः शोधा. उत्तर गोलगोल आलं तर मी तरी तिथेच थांबेन.