प्लगइन घेताना, सांभाळताना आणि काढताना

काही वर्षांपूर्वी एक वेबसाइट माझ्याकडे सांभाळायला आली. तिच्यावर ३४ प्लगइन्स होती, म्हणजे साइटला जास्तीची कामं शिकवणारे जोड-प्रोग्राम. २६ चालू, ८ बंद करून तशीच ठेवलेली. कोणतं कशासाठी बसवलंय, असं आधी सांभाळणाऱ्यांना विचारलं, तर निम्म्यांबद्दल त्यांनाही सांगता येईना. त्या दिवसापासून मी प्रत्येक साइटची एक वही ठेवते. प्लगइनचं नाव, बसवल्याची तारीख, काम कोणतं, कुणी मागितलं, आणि उद्या काढायचं ठरलं तर काय काय बिघडेल, एवढं तिच्यात असतं. कागदाची वही असो की स्प्रेडशीट, फरक पडत नाही. लिहिलेलं असलं पाहिजे.

मी गेली ११ वर्षं वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या आणि चालवायच्या एका सॉफ्टवेअरवर काम करते, म्हणून बोलणार आहे तेही वर्डप्रेसबद्दलच.

प्लगइन म्हणजे कुणा दुसऱ्याने पीएचपीत, म्हणजे वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलंय तिच्यात, लिहिलेला कोड. २००४ साली आलेल्या १.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ही सोय आहे. वर्डप्रेसचं काम चालू असताना ठरावीक जागी थांबे असतात, त्यांना हुक म्हणतात. प्लगइन त्या थांब्यांवर स्वतःचं काम अडकवतं. कुठे नवीन काही करतं, कुठे पुढे जाणारा मजकूर बदलतं. हे सगळं ते तुमच्या साइटचे पूर्ण अधिकार वापरून करतं. प्लगइनला वेगळ्या बंद खोलीत ठेवायची व्यवस्था वर्डप्रेसमध्ये नाही. डेटाबेसचा, म्हणजे साइटची सगळी माहिती जिथे साठते त्या कोठाराचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो, तीसुद्धा त्याला वाचता येते. म्हणून प्लगइन बसवणं म्हणजे घराची किल्ली देणं, असंच मी धरून चालते. किल्ली देऊ नये असं नाही, मी रोज देते. पण कुणाला दिली हे माहीत असायला हवं.

त्यामुळे पहिला प्रश्न, हे प्लगइन खरंच लागतंय का? तक्ता, बटण, फोटोंची गॅलरी, व्हिडिओ ही कामं ब्लॉक एडिटरमध्येच, म्हणजे वर्डप्रेसच्या लेख लिहायच्या पडद्यावरच होतात. फोटो गरज पडेल तेव्हाच लोड व्हावेत यासाठी आणि सर्च इंजिनला लागणाऱ्या साइटमॅपसाठी (साइटवरच्या पानांची यादी) पूर्वी प्लगइन लागायचं. २०२०च्या ५.५ आवृत्तीपासून दोन्ही गोष्टी वर्डप्रेसमध्येच आहेत. साइटमॅपवर बारीक नियंत्रण हवं असेल तर गोष्ट वेगळी. पण त्या ३४मधली तीन प्लगइन्स केवळ याच कारणाने निघाली.

लागतंय असं ठरलं, की वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत त्याचं पान नीट वाचा. शेवटचं अपडेट कधी झालं, किती साइट्सवर चालू आहे, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलंय आणि पीएचपीची कोणती आवृत्ती लागते, हे सगळं तिथे असतं. वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलं नसेल तर तशी सूचनाही दिसते. वापरणाऱ्यांनी दिलेले तारे मी शेवटी बघते. त्याआधी चेंजलॉग वाचते, म्हणजे कोणत्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी. ‘सुरक्षेची त्रुटी दुरुस्त केली’ अशी ओळ दिसली की पुष्कळ जण घाबरून पान बंद करतात. मला ती ओळ दिसली की बरं वाटतं, कारण चूक सापडली, दुरुस्त झाली आणि लपवली नाही, एवढं त्यातून कळतं. चार वर्षांत एकही बदल नसलेल्या प्लगइनची मला जास्त काळजी वाटते.

मालकही बघा. २०१७ साली डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगइन डिरेक्टरीतून कायमचं काढलं गेलं. दोन लाखांहून जास्त साइट्सवर ते चालू होतं. मूळ लेखकाने ते विकलं, आणि नव्या मालकाच्या अपडेटमधून साइट्सवर स्पॅम मजकूर टाकणारा कोड पोहोचला. साइट सांभाळणाऱ्यांनी फक्त ‘अपडेट करा’ दाबलं होतं. तेव्हापासून लेखकाचं नाव मी वहीत लिहून ठेवते आणि ते बदललेलं दिसलं की थांबते. विकत मिळणारी प्लगइन्स ‘फुकट’ देणाऱ्या साइट्सवरून त्यांची झिप, म्हणजे सगळं एकत्र बांधलेली फाइल, मात्र कधीच घेऊ नका. त्या फाइलमध्ये कुणी काय मिसळलंय ते तुम्हाला कळणार नाही, आणि सुरक्षेचे अपडेटही मिळणार नाहीत.

बसवण्याआधी बॅकअप घ्या, फाइल्सचा आणि डेटाबेसचा, दोन्हींचा. अपलोड केलेले फोटो फाइल्समध्ये असतात, लेख आणि सेटिंग्ज डेटाबेसमध्ये. एकाच्या भरवशावर साइट परत उभी राहत नाही. तो बॅकअप निदान एकदा दुसऱ्या जागी उतरवून साइट चालते का ते बघा. होस्टिंगवर, म्हणजे साइट ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेली असते तिथे, साइटची चाचणी-प्रत करायची सोय असेल तर प्लगइन आधी तिथे बसवा.

प्रत्यक्ष बसवणं सोपं आहे. डॅशबोर्डमध्ये (लॉग-इन केल्यावर दिसणारं साइट सांभाळायचं पान) प्लगइन्स, त्यात नवीन प्लगइन जोडा, नाव शोधा, इन्स्टॉल, मग ॲक्टिव्हेट. नावं एकसारखी असतात म्हणून लेखकाचं नाव जुळवून घ्या. विकत घेतलेलं असेल तर झिप फाइल अपलोड करावी लागते, आणि इथे दोन अडचणी हमखास येतात. एक, ‘वैध प्लगइन सापडलं नाही’ असा संदेश. बहुतेक वेळा विक्रेत्याने दिलेल्या मोठ्या झिपमध्ये माहितीपुस्तिका वगैरे असतात आणि खरी प्लगइनची झिप त्याच्या आत असते. बाहेरची उघडा, आतली अपलोड करा. दुसरी अडचण, फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी असणं. मग होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरच्या आतल्या प्लगइन्स फोल्डरमध्ये ती उलगडून ठेवायची, की डॅशबोर्डच्या यादीत दिसू लागते.

ॲक्टिव्हेटचं बटण दाबता येत नसेल तर ते प्लगइन दुसऱ्या एखाद्यावर अवलंबून आहे का ते बघा. २०२४च्या ६.५ आवृत्तीपासून लेखक तसं जाहीर करू शकतो. मग आधारभूत प्लगइन चालू केल्याशिवाय वरचं चालू होत नाही, आणि वरचं चालू असेपर्यंत खालचं बंदही करता येत नाही.

एका वेळी एकच बसवा. हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. पाच एकदम बसवली आणि साइट बिघडली, तर दोष कुणाचा ते शोधण्यात संध्याकाळ जाते. एक बसवलं की कॅश, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, रिकामी करा, ब्राउझरची खासगी विंडो उघडा आणि लॉग-इन न करता साइट बघा, कारण वाचकाला ती तशी दिसते. फोनवरही बघा. संपर्काचा फॉर्म स्वतः भरून पाठवा आणि ईमेल पोहोचला का ते तपासा. मग वहीत ओळ लिहा.

‘किती प्लगइन्स चालतील?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आकडा सांगता येत नाही. चालू असलेलं प्रत्येक प्लगइन पान तयार होताना लोड होतं हे खरं, पण पाच ओळींचं प्लगइन आणि प्रत्येक पानावर डेटाबेसला शंभर प्रश्न विचारणारं प्लगइन यांची मोजणी एकच कशी करणार? क्वेरी मॉनिटर नावाचं मोफत प्लगइन काही वेळ चालू करून बघा. कोणतं प्लगइन डेटाबेसला किती प्रश्न विचारतं आणि त्याला किती वेळ लागतो, ते दिसतं.

अपडेटच्या बाबतीत मी प्लगइन्सचे दोन गट करते. बिघडली तरी फक्त दिसण्यात फरक पडेल अशांना आपोआप अपडेट चालू. ही सोय प्लगइन्सच्या यादीतच प्रत्येक ओळीत असते. पैसे, फॉर्म आणि सभासदांची नोंदणी ज्यांच्या हातात आहे, ती मी स्वतः अपडेट करते, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी, समोर पूर्ण दिवस मोकळा असताना. सुरक्षेचा अपडेट असेल तर मात्र त्या दिवसाची वाट बघत नाही. ६.६ आवृत्तीपासून आपोआप अपडेटमध्ये पीएचपीची जीवघेणी, म्हणजे साइट बंद पाडणारी चूक आढळली तर वर्डप्रेस जुनी आवृत्ती परत बसवतं. मोठा आधार आहे, पण फॉर्मचं बटण दाबून काहीच होत नाही अशी चूक त्याला कळत नाही.

अपडेट मध्येच अडकला की साइटवर फक्त देखभालीचा संदेश दिसत राहतो. साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये मेंटेनन्स नावाची, सुरुवातीला टिंब असलेली फाइल राहिलेली असते. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगा आणि ती काढून टाका.

साइटच कोसळली तर आधी ईमेल बघा. २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस दोषी प्लगइनचं नाव आणि दुरुस्तीसाठी आत शिरायची लिंक ॲडमिनच्या पत्त्यावर पाठवतं. तो पत्ता रोज कुणीतरी बघतंय ना, हे आजच तपासा. माझ्याकडे आलेल्या त्या साइटवर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता होता. ईमेल नसेल तर फाइल मॅनेजरमधून संशयित प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि ते बंद पडतं. संशय कुणावरच नसेल तर निम्मी बंद करा. अडचण गेली तर दोषी त्या निम्म्यांत, राहिली तर उरलेल्यांत. २६ असली तरी फार तर पाच फेऱ्यांत एकावर येता. चालू साइटवर वाचकांना त्रास न देता हे करायचं असेल तर ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ प्लगइन वापरा. त्यात सगळी प्लगइन्स फक्त तुमच्यापुरती बंद होतात, बाकी सर्वांना साइट नेहमीसारखी दिसते.

आता काढण्याबद्दल. डीॲक्टिव्हेट केलं तरी फाइल्स सर्व्हरवरच राहतात, आणि त्यांतल्या त्रुटीचा फायदा बाहेरचा माणूस घेऊ शकतो. वापरात नसलेलं डिलीट करा. पण डिलीट करण्याआधी त्याच्याकडे साठलेलं काय आहे ते बघा. काही प्लगइन्स जाताना स्वतःचा सगळा डेटा पुसतात, काही डेटाबेसमध्ये तसाच सोडून जातात, आणि काही सेटिंग्जमध्ये विचारतात. एका साइटवर मी नवीन फॉर्म प्लगइन बसवलं आणि जुनं डिलीट केलं. लोकांनी तीन वर्षांत पाठवलेले सगळे निरोप त्याच्याबरोबर गेले. त्यांत मदत मागणारी पत्रं होती, काहींना उत्तर द्यायचं राहिलं होतं. बॅकअपमधून ती परत आणायला दोन दिवस लागले, आणि शेवटच्या आठवड्यातली आलीच नाहीत. आता डिलीटच्या आधी एक्स्पोर्ट, आणि एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडून बघितल्यावरच डिलीट.

काढल्यावर लेखांत चौकटी कंसातले शब्द उघडे पडतात. ते त्या प्लगइनचे शॉर्टकोड, आता त्यांचा अर्थ लावणारं कुणी नसतं. लेखांच्या यादीत तो शब्द शोधा आणि एकेक लेख उघडून साफ करा. वहीतली ओळ मात्र खोडू नका. तिच्यापुढे तारीख आणि काढण्याचं कारण लिहा, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी तेच प्लगइन पुन्हा सुचवतं.