रीफ टाकीतील प्रवाळांचे स्पॉनिंग: एका रात्रीची आणि त्याआधीच्या वर्षाची तयारी

रीफ टाकीचे, म्हणजे प्रवाळ वाढवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे, मुख्य दिवे मालवल्यानंतर तास-दोन तासांनी पाण्यावर मोहरीएवढे किंवा त्याहूनही लहान गुलाबी, नारिंगी कण तरंगताना दिसले, तर सर्वप्रथम ते खरोखरच प्रवाळांचे आहेत की नाहीत हे पाहावे. ट्रोकससारख्या गोगलगायी काचेवर किंवा खडकावर उंच चढून धुरासारखे पांढरे लोट सोडतात आणि घरच्या टाक्यांमधील पुष्कळसे ‘स्पॉनिंग’ (म्हणजे अंडी-शुक्राणू पाण्यात सोडणे) प्रत्यक्षात त्यांचेच असते. प्रवाळाच्या तोंडातून तपकिरी धागे बाहेर पडत असतील, तर तो बहुधा आपल्या शरीरात राहणारे सहजीवी शैवाल बाहेर टाकत असतो; त्याचा प्रजननाशी संबंध नाही. अक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाचे स्पॉनिंग ओळखणे मात्र सोपे आहे, कारण त्याच्या पॉलिपच्या (वसाहतीतील प्रत्येक छोट्या जीवाच्या) तोंडाशी अंडी आणि शुक्राणू यांचा एकत्र बांधलेला गोळा आधी अडकून दिसतो आणि मग सुटून सरळ वर तरंगत जातो. अलग लिंगांच्या प्रवाळांमध्ये, उदाहरणार्थ फंजियात, नर प्रवाळ धुरासारखे शुक्राणू सोडतो आणि मादी सुटी अंडी सोडते.

खात्री पटताच स्किमर (फेसाने मळ काढणारे यंत्र), वेव्हमेकर (प्रवाह निर्माण करणारा पंप), यूव्ही दिवा आणि फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) बंद करावेत किंवा काढून ठेवावेत. बुडबुडे सोडणारा हवेचा दगड मात्र संथ गतीने चालू ठेवावा, कारण रात्री टाकीतील प्राणवायू आधीच कमी झालेला असतो आणि प्रवाह थांबल्यावर माशांना त्याची झळ लवकर पोहोचते. ही स्थिती तासाभराहून अधिक लांबवू नये. अंडी गोळा करून झाली, किंवा ती ठेवायचीच नसतील, तर स्किमर पुन्हा जोरात सुरू करावा, पाणी शुद्ध करणारा ताजा कार्बन (कोळसा) घालावा, अमोनिया तपासावा आणि पाण्याचा चौथा हिस्सा बदलण्याइतके मिठाचे पाणी तयार ठेवावे. जननपेशींमध्ये चरबी आणि प्रथिने भरपूर असतात. त्या कुजू लागल्या की छोट्या टाकीतील पाणी एका रात्रीत बिघडू शकते. मोठ्या टाकीत हा धोका कमी असतो, कारण तेथे अंडी मासेच फस्त करतात.

आता मुद्दाम स्पॉनिंग घडवून आणण्याविषयी. येथे आधी एक निवड करावी लागते. पोसिलोपोरा, स्टायलोफोरा आणि सेरिएटोपोरा या वंशांतील अनेक प्रवाळ अंडी पोटातच वाढवून तयार अळ्या सोडतात. या अळ्यांमध्ये सहजीवी शैवाल आधीपासूनच असते आणि त्या लवकर चिकटतात. म्हणूनच काचेवर, ओव्हरफ्लोमध्ये (वरचे पाणी बाहेर नेणाऱ्या कप्प्यात) किंवा पंपाच्या कडेला कोणी न लावलेले छोटे पोसिलोपोरा उगवलेले दिसतात. पहिल्यांदाच प्रयत्न करणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्रोपोराचा मार्ग लांबचा आहे आणि त्यात अपयशाच्या जागा पुष्कळ आहेत. पुढील मजकूर मुख्यतः त्याच मार्गाविषयी आहे.

ग्रेट बॅरियर रीफवर असंख्य प्रवाळ मोजक्या रात्रींत एकदम जननपेशी सोडतात, हे 1980च्या दशकाच्या आरंभी लक्षात आले आणि 1984 साली त्यावरील शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. बंद टाकीत तेच वेळापत्रक पाळायला लावण्याचे काम लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील मत्स्यालयाने 2012 मध्ये ‘प्रोजेक्ट कोरल’ या नावाने हाती घेतले आणि अक्रोपोराच्या चार जातींमध्ये ते साधल्याची पद्धत 2017 मध्ये प्रसिद्ध केली. त्या पद्धतीचे सार असे की प्रवाळाला संपूर्ण वर्ष द्यावे लागते: त्याच्या मूळ जागी बारा महिन्यांत तापमान, दिवसाची लांबी, प्रकाशाची तीव्रता आणि चंद्रप्रकाश जसे बदलतात, तसेच ते टाकीतही बदलावे लागतात.

टाकी बारा महिने एकाच तापमानावर स्थिर ठेवावी, हे या छंदातील सर्वमान्य सूत्र आहे. प्रजननाच्या बाबतीत मात्र नेमके तेच आड येते. ग्रेट बॅरियर रीफच्या मध्य भागात पाणी हिवाळ्यात सुमारे 22-23 अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि उन्हाळ्यात 28-29 अंशांपर्यंत चढते. तेथील अक्रोपोरा पाणी तापू लागल्यावर, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या रात्रीच्या सुमारास स्पॉनिंग करतात. आपल्या प्रवाळांचे मूळ ठिकाण माहीत असेल, तर तेथील मासिक सरासरी तापमान घेऊन चिलर आणि हीटर यांचे आकडे थोडेथोडे बदलत न्यावेत. मूळ ठिकाण माहीत नसेल, तर कोणत्याही एका रीफचे वर्ष निवडून त्यालाच चिकटून राहावे. दोन ठिकाणांच्या वर्षांची सरमिसळ सर्वांत घातक ठरते.

चंद्राच्या बाबतीत बहुतेक टाक्या फसतात. बाजारातील ‘मूनलाइट’ दिवे खऱ्या पौर्णिमेपेक्षा कितीतरी प्रखर असतात आणि रात्रभर सारख्याच तेजाने जळतात. खऱ्या पौर्णिमेचा उजेड एका लक्सच्याही खाली असतो, म्हणून एकच मंद एलईडी पुरेसा आहे. कंट्रोलरने त्याची तीव्रता कलेप्रमाणे कमीजास्त करावी आणि त्याच्या उदयास्ताच्या वेळाही बदलाव्यात. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये अंधाराची एक खिडकी तयार होते आणि ती रोज रुंदावत जाते. तैवानमधील संशोधकांनी डिप्सॅस्ट्रिया स्पेसिओसा या प्रवाळावर केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच खिडकी स्पॉनिंगचा इशारा देते असे दिसले. म्हणून खोलीतील दिवा, दूरचित्रवाणीचा पडदा आणि खिडकीतून येणारा रस्त्यावरचा उजेड अडवणे हे महागड्या दिव्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. टाकीला जाड काळा पडदा लावला तरी काम भागते. घरच्या टाकीचा एक फायदाही आहे: टाकीतील सूर्यास्त काही तास अलीकडे आणून ठेवला, तर स्पॉनिंग आपल्या संध्याकाळी पाहता येते.

वसाहतींची निवडही तितकीच निर्णायक ठरते. अक्रोपोरा उभयलिंगी असला, तरी बहुतेक जातींत स्वतःच्याच शुक्राणूंनी अंडी क्वचितच फळतात. एकाच मातृवसाहतीचे दहा तुकडे टाकीत असले तरी जनुकीय दृष्ट्या तो एकच जीव असतो. छंदात फिरणारे बहुतेक नामांकित तुकडे असेच असल्याने ही गोष्ट सहज विसरली जाते. त्यामुळे एकाच जातीच्या किमान दोन, शक्य तर चार-पाच, वेगवेगळ्या मूळच्या वसाहती हव्यात. त्या चांगल्या वाढलेल्या असाव्यात आणि निदान वर्षभर त्यांच्यावर कात्री चालवू नये, कारण कापलेली वसाहत आपली शक्ती अंड्यांऐवजी वाढीवर खर्च करते. अंडी तयार होण्यास अनेक महिने लागतात, म्हणून रोटिफर आणि आर्टेमियाच्या नॉप्ली या सूक्ष्म सजीव खाद्यांचा खुराक नियमित द्यावा. पाण्याचा खारटपणा आणि अल्कलिनिटी (आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) यांबाबत नेहमीचे स्थैर्य पुरेसे आहे.

अपेक्षित पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात वसाहतीच्या मध्यभागातील एक फांदी तळाजवळून तोडून तिचा छेद पाहावा. फांदीचे टोक तपासून उपयोग नाही, कारण तेथील पॉलिप सहसा वांझ असतात. छेदात गुलाबी किंवा लालसर अंडी दिसली, तर ती पक्वतेच्या जवळ आहेत. पांढरी दिसली, तर आणखी एका पौर्णिमेची वाट पाहावी लागण्याची शक्यता अधिक असते.

स्पॉनिंगच्या रात्री लाल प्रकाशाच्या बॅटरीने, तीही थोडा वेळच, निरीक्षण करावे. गोळे तोंडाशी दिसू लागले की प्रत्येक वसाहत स्वतंत्र भांड्यात हलवता येते, किंवा पृष्ठभागावर आलेले गोळे पिपेटने टिपता येतात. वेगवेगळ्या वसाहतींचे गोळे एका भांड्यात एकत्र करून हलकेच ढवळल्यावर ते बहुधा अर्ध्या तासात फुटतात. पाणी जेमतेम धुकट राहील इतकेच शुक्राणू असावेत. दुधाळ पाण्यात अंडी सडतात. तास-दोन तासांनी अंडी स्वच्छ, गाळलेल्या आणि त्याच तापमानाच्या समुद्रपाण्यात दोन-तीनदा धुवावीत. अतिरिक्त शुक्राणू धुऊन न काढणे हे पहिल्या दिवशीच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे.

पुढील दिवसभर भ्रूण फारच नाजूक असतात, त्यामुळे जोराची हवा किंवा ओतण्याचा धक्का टाळावा. गंमत अशी की ते फुटले तरी प्रत्येक वेळी मरतातच असे नाही. एका भ्रूणाचे तुकडे होऊन त्यांतून लहान आकाराच्या पण धडधाकट अळ्या तयार होऊ शकतात, असे अक्रोपोरामध्ये दिसले आहे. भांड्यातील गर्दी कमी ठेवावी, म्हणजे दर लिटरला काहीशेच भ्रूण असावेत, आणि पाणी रोज बदलावे. दोन-तीन दिवसांत पोहणाऱ्या प्लॅन्युला अळ्या दिसतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्या चिकटण्यासाठी जागा शोधू लागतात. यासाठी खडबडीत टाइल्स महिना-दोन महिने आधीच मुख्य टाकीत ठेवून त्यांच्यावर गुलाबी कोरलाइन शैवाल येऊ द्यावे. कोऱ्या टाइलकडे अळ्या बहुतेक वेळा ढुंकूनही पाहत नाहीत.

चिकटलेला पॉलिप सुमारे एक मिलिमीटरचा असतो आणि त्याच्याकडे शैवाल नसते, कारण अक्रोपोराच्या अंड्यांतून ते येत नाही. म्हणून त्या टाकीत प्रौढ प्रवाळाचे एक-दोन तुकडे ठेवावेत. त्यांनी सोडलेले शैवाल पिल्ले पाण्यातून उचलतात. तेथून पुढचा खरा शत्रू म्हणजे टाइलवर वाढणारे हिरवे शैवाल. गोगलगायी ते खाताना पिल्लांवरूनही जीभ फिरवतात, तर काही मिलिमीटरचे मेस्पिलिया सी अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) पिल्लांना फारशी इजा न करता टाइल स्वच्छ ठेवतात. अक्रोपोरा मिलेपोरा या जातीसोबत ते वाढवल्यास पिल्ले अधिक जगतात, असे 2019 साली दाखवले गेले. अर्चिन मिळाले नाहीत, तर मऊ कुंचल्याने दर आठवड्याला भिंगाखाली टाइल साफ करण्याची तयारी ठेवावी. पिल्लाभोवती नवे पॉलिप फुटून छोटी वसाहत दिसू लागली की टाइल मुख्य टाकीत हलवावी. प्रत्येक टाइलच्या पाठीवर स्पॉनिंगची तारीख, पौर्णिमेनंतरची कितवी रात्र होती आणि टाकीतील सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी पहिला गोळा सुटला हे लिहून ठेवावे, कारण पुढच्या वर्षीचा पहारा याच आकड्यांवरून लावायचा असतो.