एलईडी बल्ब घेताना या चुका टाळा: वॅट म्हणजे उजेड नव्हे

दिवाळीच्या आधी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर एका हातगाडीवरून मी 9 वॅट छापलेले चार बल्ब घेतले. गाडीवर लावून दाखवले तेव्हा डोळे दिपले होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या माडीवर लावले, तर आईला तांदळातले खडे दिसेनात. "ह्यापरास आधीचाच बरा हुता की रं," ती म्हणाली. तिचं खरं होतं.

माझी पहिली चूक म्हणजे वॅट बघून उजेड ठरवला. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. पिवळ्या बल्बच्या काळात 60 चा, 100 चा म्हटलं की भागायचं, कारण सगळ्या कंपन्यांचे बल्ब तेवढ्या विजेत जवळपास तेवढाच उजेड द्यायचे. 60 चा बल्ब साधारण 700 ते 800 ल्युमेन, 100 चा 1,300 च्या आसपास. एलईडीत तसं नाही. 9 वॅटचा एक बल्ब 900 ल्युमेन देतो, दुसरा 650 वरच थांबतो.

म्हणून खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा शोधा आणि त्याला वॅटने भागा. 900 भागिले 9 म्हणजे वॅटला 100 ल्युमेन. स्वस्त बल्बात हे चांगलं. 650 भागिले 9 म्हणजे जेमतेम 72. खोक्यावर ल्युमेन छापलेलेच नसतील, तर तो बल्ब परत ठेवा. मी त्याबाबतीत आता तडजोड करत नाही.

फरकाचा हिशोबही करून बघितला. 900 ल्युमेन हवे असतील तर वॅटला 72 ल्युमेनवाल्या बल्बला साडेबारा वॅट लागतात, वॅटला 110 ल्युमेन देणाऱ्या चांगल्या बल्बला सव्वाआठ. रोज पाच तास धरले तर वर्षाला एका बल्बमागे आठेक युनिटचा फरक पडतो. घरात हे फार वाटणार नाही. पण दुकानात दहा बल्ब रोज बारा तास जळत असतील, तर तोच फरक वर्षाला 190 युनिटच्या घरात जातो. तिथं बल्बमागे वीस-तीस रुपये वाचवणं तोट्याचं आहे.

खोक्यावरचे तारे बघतानाही गल्लत होते. एलईडी बल्बला स्टार लेबल 2018 पासून सक्तीचं आहे आणि तारे वॅटमागे मिळणाऱ्या ल्युमेनवर ठरतात. म्हणजे ते काटकसर सांगतात, उजेड नाही. पाच तारे असलेला 5 वॅटचा बल्ब मोठ्या सोप्याला पुरणार नाही. शिवाय 'आर' ने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून दुकानातच तपासता येतो.

गाडीवर किंवा काउंटरवर पेटवून दाखवलेल्या बल्बावर मात्र विसंबू नका. जवळून बघितलेला कुठलाही बल्ब झगझगीतच वाटतो, आणि 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा उजेड 3000 च्या पिवळसर उजेडापेक्षा डोळ्याला जास्त भासतो, ल्युमेन सारखे असले तरी. खरी तुलना घरी, रात्री करा. मोबाइलवर लक्स, म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड, मोजणारं ॲप घ्या, फोन टेबलावर एकाच जागी ठेवा आणि त्याच होल्डरला आळीपाळीने दोन्ही बल्ब लावा. आकडा अचूक नसेल, पण कोणता सरस हे कळतं. माझ्याकडे जुन्या बल्बाखाली 110 लक्स आला, नव्याखाली 70.

कधी दोष बल्बाचा नसून जागेचा असतो. एलईडीचा उजेड मुख्यतः पुढे, घुमटाच्या दिशेने पडतो, मागे फारच कमी. त्यामुळे भिंतीवरच्या आडव्या होल्डरात तो समोरची भिंत उजळतो आणि खालचा ओटा अंधारात राहतो. जुन्या घरातल्या काळपट तुळयाही बराच उजेड गिळतात. तिथं होल्डर खाली वळवा किंवा जास्त ल्युमेनचा बल्ब घ्या.

रंग ओळखायची कामं असतील, गुजरीतलं दागिन्यांचं दुकान असो की साड्यांचं, तर खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 80 किंवा त्याहून जास्त आहे ना, एवढं बघा.

घेतल्यावरच्या तक्रारींपैकी सगळ्यात घाबरवणारी म्हणजे बटण बंद केल्यावरही बल्ब मंद मिणमिणतो. बऱ्याचदा कारण असं की बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, किंवा बटणातल्या छोट्या इंडिकेटरमधून थोडा करंट जात राहतो. न्यूट्रलवर बटण असेल तर ते धोक्याचं आहे, कारण बल्ब बदलताना होल्डर जिवंत असतो. वायरमनला बोलावून बदलून घ्या.

उजेड थरथरतो का, हे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिसतं. व्हिडिओत ठळक पट्टे धावले तर आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, हलक्या प्रतीचा आहे. अभ्यासाच्या टेबलावर असा बल्ब नकोच. आणि पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी लावू नका. उष्णता बाहेर पडत नाही आणि खोक्यावर 25,000 तास लिहिलेला बल्बही लवकर जातो.

बल्ब लावायच्या आधी त्याच्या अंगावर मार्करने तारीख लिहा, खोकं आणि बिल जपून ठेवा. वॉरंटीत बदलून मागताना दुकानदार आधी तेच विचारतो.