हात आपले वाटेनासे होतात तेव्हा

पंचवटीत माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी कापड बेतताना अचानक वाटलं, हे हात माझे नाहीतच. कुणीतरी दुसरीच बाई कात्री चालवतेय आणि मी काचेपलीकडून बघतेय. त्या दिवशी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. गिऱ्हाइकाला कापड भरून द्यावं लागलं.

मग असं वरचेवर व्हायला लागलं. रामकुंडावरची रोजची गर्दीसुद्धा टीव्हीत दिसावी तशी सपाट दिसायची. सासूबाईंनी दृष्ट काढली, एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं, डिपर्सनलायझेशन. डिसोसिएटिव्ह, म्हणजे मन स्वतःपासून तुटल्यासारखं होतं त्या विकारांतला हा एक प्रकार. दुसऱ्यात आठवणींचा तुकडाच गायब होतो, तिसऱ्यात एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी नांदतात. सिनेमावाल्यांना तेवढा तिसराच माहीत! सोसवेनासं झालं की मन अंग काढून घेतं, असं डॉक्टरांनी समजावलं. हे वेड नव्हे. ‘तसं वाटतंय, तसं नाहीये’ हे मला त्या वेळीही कळत असतं.

असं झालं की आधी कात्री खाली ठेवा. इस्त्री बंद करा, स्कूटर तर नकोच. मी चप्पल काढून फरशीवर पाय घट्ट रोवते, माठातलं गार पाणी मनगटावर घेते. मग दिसतील त्या पाच वस्तू मोठ्याने म्हणते: राणी रंगाचं रीळ, खडू, हुकांची डबी... पुढे हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन. घंटा आणि रिक्षाचा हॉर्न ऐकू येईतो बहुतेक वेळा मी परत आलेली असते.

घरच्यांनी गदागदा हलवू नये. ‘नाटकं पुरे’ तर अजिबात म्हणू नये, त्याने माणूस आणखी आत जातो. आमचे हे आता हळू आवाजात एवढंच म्हणतात, “अगं, आज मंगळवार, आपण दुकानात आहोत.”

पहिल्यांदाच झालं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. फिटच्या आजारातही असं होऊ शकतं, म्हणून माझा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला होता. ह्यावर खास अशी गोळी नाही. खरा उपचार समुपदेशनाचा, सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्याची औषधं. कुठे जावं सुचत नसेल, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर मी लिहून ठेवते: किती वाजता झालं, आदल्या रात्री किती झोपले, काय खाल्लं. महिन्याभरातच दिसलं, लग्नसराईतली जागरणं आणि उपाशीपोटी चहा. डॉक्टरांकडे जाताना तीच वही नेते.