'आगंतुक' बघायचाय? मग जरा तयारीनं बसा

सत्यजित रायचा 'आगंतुक' मी पहिल्यांदा कॉलेजात असताना बघितला आणि अर्ध्यात झोपलो, खोटं कशाला बोलू. दिवाणखान्यात बसून नुसती बडबड चाललीय असं वाटलं होतं. परत बघितला तेव्हा पन्नाशी जवळ आलेली, आणि शेवटची वीसेक मिनिटं चष्मा पुसण्यातच गेली. वयाचा भाग असेलच, पण मधल्या काळात त्याचे आधीचे सिनेमे बघून झाले होते, खरा फरक तिथे पडला.

म्हणून आधी 'पथेर पांचाली' (१९५५) बघा. पांढरी काशफुलं, पावसात भिजणारी दुर्गा, आगगाडी बघायला धावणारी भावंडं, सगळं कसं उघड्यावर. ते डोळ्यांत राहू द्या. मग 'गणशत्रू' (१९८९) लावा. मधे काय झालं तर १९८३ मध्ये 'घरे बाइरे' या सिनेमाचं शूटिंग चालू असताना रायला हार्ट अटॅक आला, बरीच वर्षं फीचर फिल्म बंद, आणि परत उभा राहिला तेव्हा डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलेलं, त्यामुळे बहुतेक सगळं स्टुडिओच्या चार भिंतींत. 'गणशत्रू' पूर्ण नाही बघवला तरी चालेल, मलाही जडच गेला. अर्धा तास बघा, त्या भिंती जाणवल्या की पुरे.

आता 'आगंतुक' (१९९१). पस्तीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला मामा अचानक भाचीकडे राहायला येतो आणि हा खरा की तोतया, एवढीच गोष्ट. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सबटायटल लावा पण कान बंगालीकडे ठेवा, मामा छोट्या पोराला 'कूपमंडूक' होऊ नकोस म्हणतो तिथे आपल्याला सबटायटल लागतच नाही. उत्पल दत्तनं केलेला मामा स्वतःच पासपोर्ट पुढे करतो आणि वर सांगतो की यानं काही सिद्ध होत नाही, तिथे त्याचा चेहरा बघा, हसतोय पण अपमान कळलेला आहे. पुढे तो दोनतीन ओळी गातो, तो आवाज रायचा स्वतःचा, सत्तरीतला. हे माहीत असलं की ऐकताना वेगळंच होतं राव.

घरचा एक वकील मित्र मामाची उलटतपासणी घेतो, ती लांबते, कंटाळा येईल, पण पुढे ढकलू नका. तेवढा वेळ त्या खोलीत कोंडून घेतल्याशिवाय पुढचं लागत नाही. कारण नंतर कॅमेरा एकदम बाहेर पडतो, शांतिनिकेतनजवळ, संथाळ आदिवासींचा नाच, मोकळी जमीन, आणि भाचीचे पायही त्या रांगेत पडायला लागतात. डॉक्टरांनी आत बसवलेला म्हातारा परत उघड्यावर आलाय, बास, मी तिथेच गेलो. शेवट सांगत नाही.

राय २३ एप्रिल १९९२ ला गेले, त्याआधी महिनाभर ऑस्कर घेतला तोही कोलकात्यात हॉस्पिटलच्या बेडवरून. त्या ऑस्करचा व्हिडिओ सिनेमा संपल्यावर बघा, आधी नको.

आणि मामा असेल तर फोन करा. मी केला होता, रात्री साडेअकराला. मामानं पहिलंच विचारलं, "कोण गेलं रे?"