समाजकार्यकर्त्यांचं सुपरव्हिजन: केससोबत नातंही पाहावं कसं

वडोदऱ्यातली एखादी मराठी कार्यकर्ती वस्तीत दिवसभर गुजराती बोलते, रेकॉर्ड इंग्रजीत लिहिते आणि सुपरव्हिजनला, म्हणजे वरिष्ठांसोबत केसवर बोलायच्या ठरलेल्या बैठकीला, बसली की मराठीत सांगते. तीन भाषांच्या या फेऱ्यात केसमधलं बरंच गळून जातं. म्हणून कुटुंबातल्या माणसाची पाच-सहा वाक्यं तिला ऐकली तशीच, गुजरातीतच सांगू द्या. ‘आई सहकार्य करत नाही’ हा कार्यकर्तीचा निष्कर्ष. ‘बेन, तमे नहीं समजो’ हे आईचं बोलणं, आणि दोघींमध्ये काय चाललंय ते यातच दिसतं.

पहिली बैठक दीड तासाची ठेवा आणि त्यात एकही केस घेऊ नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९८३ मध्ये सुपरव्हिजनच्या नात्याचे तीन आधार मांडले: उद्दिष्टांवर एकमत, कामांवर एकमत आणि परस्परांमधला विश्वास. पहिले दोन बोलून ठरवता येतात. तिसरा त्यातूनच हळूहळू तयार होतो. इथेच एक अवघड गोष्ट स्पष्ट करा. वार्षिक मूल्यमापन तुम्हीच लिहिणार असाल, तर इथलं काय त्यात जाईल आणि काय जाणार नाही ते आधी सांगा. गुप्ततेची मर्यादाही सांगा: बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं.

त्यानंतर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ६० मिनिटं, ठरलेल्या वारी, दार बंद करून. रजा, रिपोर्ट, आकडे यांची बैठक वेगळी. एका वेळी एकच केस. पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. सल्ला ओठांवर येईलच, तो थांबवा. मग विचारा: ‘ती असं म्हणाली तेव्हा तुला काय वाटलं? तू काय केलंस? त्यावर तिने काय केलं?’ या तीन प्रश्नांना अर्धा तास सहज जातो, आणि तो द्यावा. पुढच्या भेटीत नेमकं काय करायचं याला दहा मिनिटं पुरतात. शेवटची दहा मिनिटं तुमच्या दोघींसाठी: ‘आज माझ्याशी बोलताना कुठे अडलीस?’

हा शेवटचा प्रश्न वगळू नका. अमेरिकन मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्झ यांनी १९५५ मध्ये मांडलं की केसमध्ये जे घडत असतं ते नकळत सुपरव्हिजनच्या खोलीतही घडू लागतं. समजा, आई गप्प राहते, कार्यकर्ती घाईने उपाय सुचवते, आई आणखी गप्प होते. इथेही कार्यकर्ती मोघम बोलते आणि तुम्ही भराभर उपाय सांगू लागता. हे लक्षात येताच थांबून म्हणा, ‘मी आत्ता घाई करतेय. तिकडेही असंच होतं का?’ मात्र उत्तर ‘नाही’ आलं तर ते मान्य करा. तुमची चिडचीड निव्वळ दमल्यामुळेही असू शकते; ती क्लायंटच्या माथी मारू नका.

आपल्याकडे मोठा धोका भांडणाचा नाही, ‘हो ताई’चा आहे. समोरची उशिरा येऊ लागली, सोप्याच केस आणू लागली, ‘सगळं ठीक आहे’ म्हणू लागली, तर बहुतेक वेळा आधीच्या बैठकीत काहीतरी लागलेलं असतं. ‘तुझं मन लागत नाही’ असं म्हणू नका. आपल्या वागण्यापासून सुरुवात करा: ‘मागच्या वेळी मी तुझं बोलणं मध्येच तोडलं. तेव्हा तुला काय वाटलं?’ पहिल्यांदा ती ‘काही नाही’ म्हणेल. आग्रह धरू नका, पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा. चूक मान्य करणारी वरिष्ठ व्यक्ती पाहिली की कार्यकर्तीलाही रागावलेल्या आईकडे परत जाऊन तसंच बोलता येतं.

भावनांवर बोलता बोलता सुपरव्हिजनचं समुपदेशन होऊ शकतं. कार्यकर्तीच्या घरचा विषय निघाला तर आपुलकीने ऐका आणि विचारा, ‘याचा या केसवर काय परिणाम होतोय?’ उत्तर केसकडे परत येत नसेल, किंवा तोच त्रास पुन्हा पुन्हा येत असेल, तर बाहेरच्या समुपदेशकाचं नाव द्या. तिचे समुपदेशक तुम्ही होऊ नका. मूल्यमापन करणाऱ्यापुढे कुणी पूर्ण मोकळं होत नाही.

नोंद चार ओळींची: तारीख, केस क्रमांक, ठरलेली कृती, पुढच्या वेळी विचारायचा प्रश्न. क्लायंटचं नाव आणि कार्यकर्तीच्या खासगी गोष्टी त्यात नकोत. नोंद दोघींनी वाचावी आणि तिथेच सही करावी.