एन्ट्रॉपीचा लेख नव्याने लिहायला घेण्याआधी

लॉग-इन, शुद्धलेखन वगैरे सांगत बसत नाही. विकिपीडियावरच्या लेखाचा सगळा स्रोत आधी स्वतःच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) उतरवा आणि वर्गांच्या ओळींत 'वर्ग'च्या आधी अपूर्णविराम (:) द्या, नाहीतर तुमचा कच्चा खर्डा भौतिकशास्त्राच्या वर्गात जाऊन बसतो.

मग संदर्भ. मागच्या वेळी इथेच माती खाल्ली. एका पुस्तकाचा हवाला पाच ठिकाणी असेल तर पूर्ण तपशील पानात एकदाच असतो, बहुधा प्रस्तावनेत. उरलेल्या चार ठिकाणी नुसतं संदर्भाचं नाव. आणि आपण सगळ्यात आधी उडवतो ती प्रस्तावनाच! खाली चारही हवाले लाल अक्षरांत बोंबलतात. म्हणून एक ओळही पुसण्याआधी नाव दिलेले संदर्भ शोधा आणि त्यांचा पूर्ण तपशील टिकणाऱ्या परिच्छेदात हलवा.

आता मजकूर. क्लाउसियसने १८६५ साली हे नाव दिलं, ते इतिहासाच्या विभागात जाऊ दे, पहिल्या वाक्यात नको. 'एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था' इथवर थांबू नका. वाचक पसाऱ्याची खोली डोळ्यांपुढे आणतो आणि तिथेच अडकतो. आकडे द्या: ३५० केल्विनच्या चहातून ३०० केल्विनच्या खोलीत १००० जूल उष्णता गेली (चहाचं तापमान फारसं बदललं नाही असं धरू), तर चहाची एन्ट्रॉपी सुमारे २.८६ जूल प्रति केल्विनने घटली, खोलीची ३.३३ ने वाढली. एकूण वाढ ०.४७ च्या आसपास. भागाकार (उष्णता भागिले तापमान) केल्विननेच, सेल्सिअस घातलंत तर उत्तर निव्वळ कचरा. उष्मागतिकीचा दुसरा नियम (एन्ट्रॉपी घटत नाही) लिहिताना 'विलग प्रणाली' म्हणा, म्हणजे जिच्यात ना पदार्थ ये-जा करतो ना ऊर्जा. नुसतं 'बंद' म्हटलंत की कोणीतरी फ्रिज दाखवणारच, आत एन्ट्रॉपी घटते म्हणून. मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात जाणारी उष्णताही हिशेबात धरायची, हे एका वाक्यात सांगून टाका. बोल्ट्झमनचं सूत्र (कणांच्या शक्य मांडण्यांच्या संख्येवरून एन्ट्रॉपी काढणारं) खाली, आधी शब्दांत. शॅननची, म्हणजे माहिती सिद्धांतातली, एन्ट्रॉपी वेगळ्या लेखात. इथे दुवा पुरे.

परिच्छेद हलवलेत? संदर्भ पुन्हा बघा. विभागाची झलक फसवते: तपशील इथून पुसला तरी चूक दुसऱ्याच विभागात उमटते. अख्ख्या पानाची झलक उघडा, तळापर्यंत जा, लाल अक्षरं शोधा.

चर्चा पानावर दोन ओळी टाका. विभागवार जतन करा, म्हणजे कोणी उलटवलं तरी सगळं जात नाही. इंग्रजी लेखातून भाषांतर केलं असेल तर संपादनाच्या सारांशात त्याचा दुवा. जतन झाल्यावर संदर्भयादी. हो, परत.